वेल निजली असताना

निजली वेलबाई, पाय वाजवू नका कोनी
माहेराच्या सपनात आलं असंल गार पानी

ही ओवी वच्छलाबाईंनी सकाळी भाकरी थापता थापता जुळवली आणि दुपारपर्यंत ती साऱ्या घराला लागली, जशी हळद बोटांना लागते. मळ्याकडे निघालेलं प्रत्येक माणूस ती मनातल्या मनात म्हणत होतं. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

संक्रांत होऊन गेली होती. साखरखेर्ड्याहून मेहकरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचा तो अर्धा एकर हिरव्या शेडनेटखाली आंधळा होऊन पडला होता, आणि त्याच्या चारी बांधांवर, बाजारात बैल उभे करावेत तसे, कूलर उभे होते. घरचे होते. वच्छलाबाईंच्या नणंदेनं, सत्यभामाबाईंनी, मेहकरहून टेम्पोत घालून आणलेले होते. शेजाऱ्यांच्या माळ्यावरून धूळ झटकून उतरवलेले होते. ज्याच्यावरून धाकट्या काकांशी वर्षभर अबोला चालला, तो निळा कूलरही त्यांत मान खाली घालून उभा होता. पौषाचं ऊन अंगाला गोड लागत होतं, गावातली माणसं कानाला मफलर बांधून फिरत होती, आणि इथं कूलर घरघरत होते.

कल्पना वच्छलाबाईंचीच. त्यांच्या लेकीनं, पुष्पांजलीनं, टास्मानियाच्या किनाऱ्यावरच्या द्राक्षमळ्यात काही वर्षं काम केलं होतं. परत आली ती तिथल्याच जातीच्या काड्यांचं वेड घेऊन. नाशिककडच्या एका माणसाकडून तिनं त्या मिळवल्या, लावल्या, तारांवर चढवल्या. तीन हंगाम झाले. पानं अशी की गाय लपावी, आणि घड एक नाही.

"आई, ते झोपलीच नाही कधी," पुष्पांजलीनं आईच्या उजव्या कानाशी ओरडून सांगितलं होतं. डावा कान केव्हाच गेलेला. उजव्यात थोडी वाट उरलेली. "तिकडे हिवाळ्यात पानं गळतात, समुद्रावरून दिवसभर गार, ओला वारा येते, वेल दोन-तीन महिने निजते. आपल्या इथं तिले कोनी निजूच देत नाही. झोप नाही झाली तं घड कुठून धरंल?"

"गार, ओला वारा," वच्छलाबाई विचार करून म्हणाल्या. "म्हंजे कूलर."

पुष्पांजली हसली होती. मग हसू थांबवून तिनं आईकडे पाहिलं होतं. तीन वर्षांत या घरात तिच्या वेलींसाठी कुणी काही सुचवलं, ते हे पहिलं. तिनं ऑक्टोबरातली छाटणी टाळली होती, पाणी तोडलं होतं, पानं हातानं खुडली होती, वर नेट ओढलं होतं. त्यात कूलर आले तर काय बिघडणार होतं? एकाच गोष्टीला ती नाही म्हणाली.

"मीठ नाही," आत्यानं समुद्राचा विषय काढला तेव्हा तिनं सांगितलं. "समुद्रावरून वारा येते ते ठीक हाय, आत्याबाई. पन मीठ मुळात गेलं तं वेल जळते. कूलरचं पानी आन् वेलीचं ठिबक एकाच टाकीतून हाय. चिमूटभरही नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वच्छलाबाईंनीही डोलावली. त्या प्रत्येक गोष्टीला डोलावत.

*

सत्यभामाबाई पहिल्या ओळीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. हातात काठी, अंगावर शाल, समोर निवाड्याला आलेलं सगळं घर गोणपाटांवर. पुष्पांजलीचे वडील भगवानराव हा त्यांचा धाकटा भाऊ. त्याची साठी उलटली तरी त्यांच्या लेखी त्याचं नाक अजून पुसायचं राहिलेलं होतं.

चार दिवसांमागे बाप-लेकीची याच बांधावर जुंपली, तेव्हा त्या मध्ये पडल्या होत्या. भगवानराव म्हणत होते, जेसीबी बोलावतो, सगळं उपटतो, रोडची जागा आहे, पोराला, गणेशला, लग्नाचं लॉन करू दे.

"आपल्या घरात निजलेल्या मानसाले कोनी ओलांडते?" सत्यभामाबाईंनी विचारलं होतं.

"नाही, बाई."

"निजलेल्याच्या पाया पडते?"

"नाही. पन—"

"मंग निजलेल्याले उपटते कोन?"

"बाई, वेल हाय ते!"

"तुही पोरगी म्हनते निजली. मंग निजली." त्यांनी काठी आपटली होती, मग आठवण होऊन ती अलगद जमिनीला टेकवली होती. "तुमच्यात ठरवायचं ते ठरवा. पन तिच्यासमोर ठरवा, आन् हळू. ज्याचा आवाज चढला, त्याचा शब्द गेला. वच्छलेचा आवाज तेवढा मोजायचा नाही. तिले सोताचाच ऐकू येत नाही, तिचा काय गुन्हा?"

तर आज सगळे जमले होते. चपला बांधावर काढून ठेवल्या होत्या. ओळींतून जाताना तारा कुणी हलवत नव्हतं. गणेशनं सवयीनं वेलीला हात जोडले तर सत्यभामाबाईंनी त्याच्या पोटरीवर काठी टेकवली. निजलेल्याला नमस्कार करत नाहीत, एवढं कळत नाही का?

"बाई," भगवानराव पुढे सरकून कुजबुजले. त्यांच्या कुजबुजण्यानंही नेट हललं असं वाटलं. "एक विचारू? मानसानं हळू बोलायचं. मंग हे कूलर? हे काय भजन करून राह्यले?"

"तो समुद्र हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "त्या आवाजाची तिले लहानपनापासून सवय हाय."

भगवानरावांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ हिरवं होतं, नेटचं.

"मले स्टँडवर लोक काय इचारतात माहीत हाय? 'भगवानराव, झोपली का?' चहावाला इचारते. कंडक्टर बस थांबवून इचारते, 'झोपली का?'"

"मंग सांगत जाय, झोपली म्हनून."

*

काजल चहाची किटली घेऊन गोणपाटाच्या कडेला बसली होती. एका बाजूला नवरा गणेश, दुसऱ्या बाजूला बाप. बाप म्हणजे पंजाबराव, भगवानरावांचे व्याही, खामगावहून स्वतःचा जेसीबी घेऊन आलेले. लॉनमध्ये त्यांची अर्धी भागी ठरलेली होती. त्यांनी तो पिवळा राक्षस रोडवरच उभा केला. सत्यभामाबाईंनी निरोप धाडला होता की इंजिन बंद करा आणि अनवाणी या. लेकीच्या सासरचं बोलावणं, त्यातून थोरल्या बाईंचं. पंजाबराव दोन्ही चपला हातात धरून टाचा उचलत आले होते.

"इवाईबुवा, रामराम," ते इतक्या हळू म्हणाले की भगवानरावांना नुसते ओठ दिसले.

"काय?"

"रामराम!" ओठ पुन्हा हलले.

"मिशीतल्या मिशीत काय म्हनून राह्यला हा मानूस?" भगवानरावांनी गणेशच्या कानात विचारलं.

गणेशनं लॉनची गोष्ट सुरू केली. एरवी तो ती हात पसरून, उभं राहून सांगे: कमान, कारंजं, डीजेचा ओटा, नवरीच्या एन्ट्रीला धूर. आज तीच गोष्ट त्याला मांडी घालून, ओठांवर बोट ठेवल्यासारखी सांगावी लागत होती, आणि कुजबुजून सांगितलेला डीजे कसा लाजल्यासारखा होत होता.

"आवाज तं पार मेहकरपर्यंत जाईन," तो श्वासातल्या श्वासात म्हणाला.

"काऊन?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"काऊन म्हंजे, आत्याबाई? लग्न हाय ते."

"माह्या लग्नात एक सनई होती. चाळीस वर्षं टिकलं."

काजलनं ओठ दाबून हसू गिळलं. तिला हसायची भीती नव्हती. तिला वेगळीच भीती होती. या घरात ती दोन वर्षांपूर्वी आली. तेव्हापासून तिचं नाव साऱ्या घरानं दोरीसारखं वापरलं होतं. ज्याला जे हवं, त्यानं ती ओढायची. काजल, चहा. काजल, टॉवेल. काजल, मोटर बंद कर. सासऱ्यांचा, मामाजींचा, आवाज तर अंगणातून गच्चीवरचे कपडे हलवी. पण वेल निजली तेव्हापासून एक जागा अशी झाली होती, जिथं तिला कुणी हाकच मारू शकत नव्हतं. दुपारी ती पाचव्या ओळीत जाऊन पडे. कूलरचा वारा अंगावरून जाई, वर हिरवा उजेड, शेजारी उघड्याबोडक्या काड्या. वेलीशेजारी तीही निजे. कुणाला माहीत नव्हतं. आता ती जागाच जाणार, हीच तिची भीती होती.

"मी एक बोलू?" ती म्हणाली.

गणेशनं मान डोलावली; बायको लॉनबद्दल बोलणार होती.

"वेल राहू द्या."

गणेशचं तोंड उघडलं. त्यातून जे बाहेर पडणार होतं ते सगळ्यांना दिसलं, घशाच्या शिरेसकट. सत्यभामाबाईंची काठी वर झाली. तोंडातून नुसती हवा आली.

"काजल," तो अखेर कुजबुजला, "अवं, तू कोनाच्या बाजूनं हायेस?"

"झोपेच्या," काजल म्हणाली.

पंजाबरावांनी लेकीकडे पाहिलं. मग चपला हातातून खाली ठेवल्या, जणू आता बराच वेळ लागणार होता.

पुष्पांजलीनं भावजयीकडे असं पाहिलं, जसं पहिल्यांदाच पाहत होती. आजवर दोघींत साखर-चहाच्या पलीकडे बोलणं झालं नव्हतं. तिनं हळूच आपला कप काजलपुढे सरकवला. काजलनं तो भरला, काठापर्यंत.

*

भगवानरावांना हरणं जमत नव्हतं, पण आज त्यांना हरायची वेळही दिसत नव्हती. त्यांनी लेकीला सरळच विचारलं.

"पुष्पा, सांग. औंदा घड येईन?"

"सांगता येत नाही, बाबा."

"पुढच्या साली?"

"तेही नाही."

ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना एक क्षण वाटलं. खोट्यावर ओरडता येतं. तिचा चेहरा फिका पडला होता, हात गोणपाटाचा धागा उसवत होते. आज वेली गेल्या तर तिच्याकडे इथं राहायला काही कारण उरणार नव्हतं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

सत्यभामाबाईंनी बोटांवर मोजलं. "भगवान आन् गणेश, उपटा म्हनतात. पुष्पा आन् काजल, ठेवा म्हनतात. इवायाचा शब्द मोजत नाहीत, तो पाहुना हाय. बरोबरी झाली. आता राह्यली वच्छला. ते सांगंल तसं."

सगळ्यांनी वच्छलाबाईंकडे पाहिलं. त्या निळ्या कूलरजवळ बसून शेंगा सोलत होत्या.

आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. वच्छलाबाईंना विचारायचं कसं?

कानाशी ओरडायची आज सोय नव्हती, आणि लांबून त्यांच्यापर्यंत पोचणारा आवाज जगात एकच होता, तो भगवानरावांचा. लोक म्हणत, हा माणूस तापट आहे. तापट नव्हता तो. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तापानं तिचे कान नेले, आणि तेव्हापासून तो रोज तिच्याशी बोलत आला होता, एवढंच. बोलता बोलता गळा मोठा झाला. पुढे तो कुणाशीही लहान होईना.

"खुणेनं इचारा," सत्यभामाबाई म्हणाल्या.

गणेश उठला. दोन्ही हातांचं खोरं करून त्यानं जमिनीतून काहीतरी उपसून काढलं, बाजूला टाकलं, पुन्हा उपसलं. पुष्पांजली त्याच्या पुढ्यात आली, तळहातावर गाल टेकवून तिनं डोळे मिटले, मान तिरपी केली. गणेशनं जोरात उपसलं. पुष्पांजली आणखी गाढ झोपली.

वच्छलाबाईंच्या हातातली शेंग खाली पडली.

"अगं माय!" त्या मोठ्यानं म्हणाल्या, "कोन गेलं?"

सगळ्यांचे हात एकदम हलू लागले, नाही, नाही.

"एक डोळे मिटते, एक खड्डा खंदते, आन् मले कोनी सांगून नाही राह्यलं! खामगावचं हाय का कोनी?" त्यांची नजर पंजाबरावांवर गेली. ते चपला बाजूला काढून, उतरल्या चेहऱ्यानं बसलेले. "इवाईबुवा, तुमच्या घरचं का हो?" आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

पंजाबरावांना जिवंतपणी आपल्या घरचं सुतक दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहणं सहन होईना. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःची छाती दाखवली, सगळे बरे आहेत. वच्छलाबाईंना वाटलं, छाती बडवतोय.

त्यांना समजावता समजावता काजलच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसण्याचं होतं, पण वच्छलाबाईंना ते पुरेसं होतं. अखेर सत्यभामाबाईंनी उठून त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा त्या थांबल्या. कुणी गेलं नसावं. मग पोरं हात काऊन हलवतात? समुद्र कमी पडला असावा.

त्या उठल्या आणि चालू लागल्या. खुणा करता करता दमलेलं घर श्वास घेत बसलं होतं. भगवानरावांनी त्यांना जाताना पाहिलं, पदराखाली काहीतरी जड धरून, पलीकडच्या टोकाच्या टाकीकडे. टाकीच्या ओट्यावर चढल्या. झाकण उघडलं. मग पदराखालून लोणच्याच्या खड्या मिठाची गोणी काढली आणि तिचा दोरा दातांनी तोडू लागल्या.

पुष्पांजलीनंही पाहिलं.

"आईऽ!"

तिचा आवाज चढला, फाटला, आणि कूलरच्या समुद्रात बुडाला. ती धावली. पहिल्या तारेखालून वाकून गेली, दुसरीत तिची ओढणी अडकली, ओढली तर वेलच हलली, म्हणून ती थांबून सोडवू लागली, रडत. सत्यभामाबाईंनी डोळे मिटून मान हलवली. नियम नियम होता. पोरीचा शब्द गेला.

आता भगवानरावांना काही करायची गरज नव्हती. लेकीचा शब्द गेला होता. गोणी उघडत होती. ते नुसते गप्प बसले असते तरी संध्याकाळपर्यंत सगळं आपोआप झालं असतं, जेसीबीचं डिझेलही न जळता. आणि गप्प बसणं हाच तर आजचा नियम होता.

ते वच्छलाबाईंकडे पाहत होते. ती टाचा उंचावून उभी होती, गोणी छातीशी, जशी पुष्पाला न्हाऊ घालून धरायची. तिला वाटत होतं की ती लेकीच्या वेलीला समुद्र देते आहे. उद्या काड्या काळ्या पडल्या की तिला कोण सांगणार होतं, कुणी मारल्या ते? तेही त्यांनाच सांगावं लागणार होतं. ओरडून.

थोरल्या बहिणीसमोर त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"वच्छेऽऽ!"

शेडनेट थरारलं. रोडपलीकडच्या बाभळीवरचे पक्षी उडाले. जेसीबीच्या सावलीत बसलेली दोन म्हातारी माणसं उठून उभी राहिली. म्हणतात की साखरखेर्ड्याच्या स्टँडवर चहावाल्यानं हातातलं गाळणं थांबवलं.

"मीठ टाकू नको वो! जळून जाईन तिची वेल! टाकू नको!"

वच्छलाबाईंनी मान वळवली. गोणी तशीच छातीशी. ओळींच्या शेवटी लहानसा दिसणारा नवरा, तारेत अडकलेली लेक, खुर्चीतून अर्धी उठलेली नणंद. त्यांनी झाकण लावलं. सावकाश उतरल्या. ओळीतून येताना लेकीची ओढणी तारेतून मोकळी केली, तिचे डोळे पुसले, काहीच न विचारता. मग नवऱ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि, त्या घरात कुणीही कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात, ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या,

"एवढ्यानं काऊन वरडून राह्यले? वेल निजली हाये नं."

कूलर घरघरत राहिले.

सत्यभामाबाई खुर्चीत पुन्हा बसल्या, शाल नीट केली. "भगवानचा शब्द गेला. पुष्पाचा गेला. गणेश आन् काजल, एकास एक. राह्यली वच्छला, आन् तिनं सांगतलं." काठी त्यांनी मांडीवर आडवी ठेवली. "निजलेल्याले उठवत नाहीत. झालं."

"पन आत्याबाई, आईले काय इचारलं तेच माहीत नव्हतं!" गणेश म्हणाला, आणि तो मोठ्यानं म्हणाला, म्हणून त्याचाही गेला.

पंजाबरावांनी चपला उचलल्या. निघताना लेकीपाशी क्षणभर रेंगाळले. "झोप येते का इथं?" त्यांनी विचारलं.

"येते, बाबा. लय."

"मंग बरं," ते म्हणाले, आणि टाचा उचलत रोडकडे गेले. जेसीबी त्यांनी बऱ्याच लांब गेल्यावर सुरू केला असावा. आवाज फार उशिरा आला.

पुष्पांजली वडिलांजवळ आली.

"मी तुह्या वेलीसाठी नाही वरडलो," भगवानराव म्हणाले. गळा बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज कुजबुजीसारखा निघत होता, आपोआप. "तुह्या आईसाठी वरडलो."

"माहीत हाय."

"घड नाही आला तं सांगजो मले. मोठ्यानं सांगजो."

"आला तं?"

भगवानरावांनी वच्छलाबाईंच्या हातातली गोणी घेतली. जड होती, एवढी जड गोणी ती पदराखाली सगळी दुपार बाळगून होती. ते गोणी घेऊन घराकडे निघाले, बायको दोन पावलं मागे. मागून तिनं गुणगुणायला घेतलं होतं. गळा बसल्यामुळे त्यांना तिला थांबवता येत नव्हतं, आणि थांबवायचंही नव्हतं.

हाक मारली धन्यानं, साऱ्या शिवाराले आली
वेल निजली ते निजली, माही निज का उडाली